लॅपटॉपचा बॅकअप कसा निवडायचा: कोल्हापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही महापुरांत राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३ फूट आहे. पाणी ओसरल्यावर शाहूपुरी, दुधाळी, नागाळा पार्क भागातल्या घरांतून फ्रीज आणि गाद्यांबरोबर लॅपटॉपही बाहेर निघाले. मशीन नवं घेता येतं. आतले मुलांचे फोटो, पीएच.डी.ची प्रकरणं, उद्यमनगरातल्या कामाची ड्रॉइंग्ज आणि वडिलांनी स्कॅन करून ठेवलेले सातबारे बाजारात मिळत नाहीत. बॅकअपबद्दल इथं नेहमी विचारलं जातं त्याची उत्तरं खाली दिली आहेत. कंपनीच्या सर्व्हरचा विचार यात नाही, फक्त घरच्या लॅपटॉपचा आहे.

सगळं डी ड्राइव्हला टाकलंय. मग बॅकअप झालाच की?

नाही झाला. बहुतेक लॅपटॉपमध्ये सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात. विंडोज बिघडलं आणि सी फॉरमॅट केला तर डी वाचतो, एवढाच त्याचा उपयोग. डिस्क गेली, लॅपटॉप स्टँडवर चोरीला गेला किंवा पाण्यात गेला, तर दोन्ही बरोबरच जातात.

दुसरी सवय म्हणजे फोटो बाहेरच्या हार्ड डिस्कवर कट-पेस्ट करून लॅपटॉप मोकळा करायचा. तिथंही प्रत एकच राहते, फक्त तिची जागा बदलते. मूळ फाइल लॅपटॉपवर आणि तिची प्रत वेगळ्या वस्तूवर, असं असेल तरच तो बॅकअप.

प्रती किती ठेवायच्या?

पीटर क्रो या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१ हा हिशेब आजही चालतो: एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. लॅपटॉपवरची मूळ फाइल ही पहिली प्रत.

कोल्हापूरकरांनी यातल्या ‘दुसऱ्या जागी’ या भागाकडे नीट बघायला हवं. दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या मामांकडे डिस्क ठेवली आणि दोन्ही घरं एकाच पूररेषेत असली, तर पाणी दोन्हीकडे एकाच रात्री शिरतं. आर. के. नगर किंवा पाचगावसारख्या उंचावरच्या भागात कुणी जवळचं असेल तर उत्तम. गडहिंग्लजची बहीण, पुण्यातला मुलगाही चालेल. मात्र २०१९ ला शिरोलीजवळ राष्ट्रीय महामार्ग पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद होता, हे लक्षात ठेवा. पुण्यातली डिस्क सुरक्षित असते, पण लगेच हातात येतेच असं नाही. म्हणून एक प्रत बाहेर असली तरी एक घरातही हवी, आणि घर सोडायची वेळ आली तर कागदपत्रांच्या पिशवीत तिची जागा आधीच ठरलेली हवी.

क्लाउड चांगलं की हार्ड डिस्क?

दोन्हींची कामं वेगळी आहेत. रोज बदलणाऱ्या, आकाराने लहान आणि हरवल्या तर हातपाय गाळायला लावणाऱ्या फाइल्स, म्हणजे प्रबंध, हिशेब, कागदपत्रांचे स्कॅन, क्लाउडवर ठेवाव्यात. लॅपटॉप कुठंही गेला तरी त्या दुसऱ्या मशीनवर तासाभरात मिळतात. वर्षानुवर्षांचे फोटो आणि लग्नाचे व्हिडिओ डिस्कवर बरे.

कारण वेगाचं आहे. २०० जीबी डेटा २० एमबीपीएस अपलोडवर चढवायला सलग बावीस तास लागतात, तेही लाइन पूर्ण वेगाने चालली तर. मोबाइलच्या रोजच्या २ जीबीवर तेच काम शंभर दिवस चालेल. फुकट जागाही तोकडी आहे: गुगल १५ जीबी देतं, त्यातच जीमेल आणि फोटो आले. मायक्रोसॉफ्टचं वनड्राइव्ह आणि अॅपलचं आयक्लाउड प्रत्येकी ५ जीबी देतात.

माझं मत विचाराल तर घरच्या माणसाने दोन डिस्क घ्याव्यात, एक घरात आणि एक बाहेर, आणि सगळ्यात महत्त्वाचं एक फोल्डर क्लाउडवर ठेवावं. महिन्याला पैसे भरून सगळंच क्लाउडवर ठेवायची ऐपत आणि चांगली लाइन असेल तर बाहेरची डिस्क वगळता येईल. घरातली मात्र वगळू नका. पुरात वीज आणि टॉवर दोन्ही गेले की क्लाउड आहे तिथंच राहतं.

वनड्राइव्ह चालू आहे. म्हणजे बॅकअप आपोआप होतोय ना?

सिंक होतंय. सिंक म्हणजे इथं जे कराल तेच तिथं होणार. चुकून फोल्डर उडवला की तो क्लाउडवरूनही उडतो. कचरापेटीत तो साधारण ३० दिवस मिळतो, नंतर नाही. वनड्राइव्ह आणि गुगल ड्राइव्ह दोन्हीकडे हेच आहे.

नव्या विंडोज लॅपटॉपवर आणखी एक गोष्ट घडते. सेटअपच्या वेळी डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स ही फोल्डर वनड्राइव्हला जोडली जातात आणि बऱ्याच जणांना ते कळतही नाही. ५ जीबी भरले की ‘जागा संपली’ असा संदेश येतो. मग माणूस वेबसाइटवर जाऊन जागा करायला फोटो पुसतो, आणि ते लॅपटॉपवरूनही जातात. असा संदेश आला की काहीही पुसण्याआधी सगळं बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. मग वनड्राइव्हच्या सेटिंगमध्ये कुठली फोल्डर जोडली आहेत ते बघा.

बॅकअपला कुलूप कशाला? माझ्यात काय एवढं गुपित आहे?

आधार आणि पॅनचे स्कॅन, बँकेची स्टेटमेंट, रिटर्नच्या फाइल्स, जमिनीचे कागद, मुलींचे फोटो, ब्राउझरमधून काढून ठेवलेली पासवर्डची यादी. यातलं निम्मंही कुणाच्या हाती लागलं तर तुमच्या नावावर काय काय उभं राहू शकतं, याचा विचार करा. लॅपटॉपला निदान लॉगिनचा पासवर्ड असतो. बॅकअपची डिस्क खिशात मावते, कुठल्याही मशीनला लावली की उघडते, आणि तुमचं सगळं एकाच ठिकाणी गोळा करून देते. कुलूप नसलेली बॅकअपची डिस्क लॅपटॉपपेक्षा जास्त धोक्याची असते.

त्यातच एक डिस्क दुसऱ्याच्या घरी ठेवायची म्हटल्यावर एन्क्रिप्शन, म्हणजे पासवर्डशिवाय आतलं वाचता येऊ नये असं कुलूप, हवंच. त्या घरच्यांवर अविश्वास आहे असा त्याचा अर्थ नाही. त्यांच्याकडेही चोरी होऊ शकते, आणि त्यांची पोरं पिक्चर कॉपी करायला तीच डिस्क घेऊ शकतात.

कुलूप लावायचं कसं?

मॅकवर सगळ्यात सोपं. त्यातल्या टाइम मशीन या बॅकअपच्या सोयीसाठी डिस्क निवडताना ‘एन्क्रिप्ट’ हा पर्याय चालू करायचा. पुढे टाइम मशीन गेल्या २४ तासांच्या तासातासाच्या, गेल्या महिन्याच्या रोजच्या आणि त्याआधीच्या आठवड्याच्या प्रती स्वतःच सांभाळतं.

विंडोजची ‘प्रो’ आवृत्ती असेल तर बाहेरच्या डिस्कवर राइट क्लिक करून बिटलॉकर हे विंडोजचंच कुलूप चालू करा, पासवर्ड द्या आणि रिकव्हरी की (पासवर्ड विसरला तर डिस्क उघडणारा लांब आकडा) छापून घ्या. त्याच डिस्कवर विंडोजमधली फाइल हिस्टरी ही बॅकअपची सोय लावली की फाइल्सच्या जुन्या आवृत्त्याही राहतात. फाइल हिस्टरी स्वतः कुलूप लावत नाही, म्हणून डिस्कला आधी बिटलॉकर, मग फाइल हिस्टरी.

विंडोज होममध्ये बाहेरच्या डिस्कवर बिटलॉकर चालू करता येत नाही, पण चालू केलेली डिस्क पासवर्ड देऊन उघडता येते आणि तिच्यावर लिहिताही येतं. त्यामुळे विश्वासातल्या कुणाकडे प्रो असेल तर एकदाच तिथं डिस्क तयार करून आणा. रिकव्हरी कीचा कागद तुमच्याच हातात यायला हवा, त्यांच्या मशीनवर राहता कामा नये.

तेही जमत नसेल तर व्हेराक्रिप्ट हे कुलूप लावणारं सॉफ्टवेअर. ते मोफत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. त्यात अख्खी डिस्क कुलूपबंद करता येते किंवा डिस्कवर एक मोठी कुलूपबंद फाइल बनवून तिच्या आत सगळं ठेवता येतं. घरासाठी दुसरी पद्धत घ्या, असं मी आग्रहाने सांगेन. अख्खी डिस्क बंद केली की ती विंडोजला ओळखू येत नाही, आणि लावल्या लावल्या ‘ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करा’ अशी खिडकी उघडते. घरातल्या दुसऱ्या कुणी सरळ मनाने ‘हो’ दाबलं की सगळं गेलं. कुलूपबंद फाइलच्या बाबतीत ही वेळ येत नाही. मात्र डिस्क एफएटी३२ मध्ये फॉरमॅट असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. त्यासाठी आधी एक्सफॅट किंवा एनटीएफएस करून घ्या.

क्लाउडवर टाकायच्या फोल्डरसाठी क्रिप्टोमेटर आहे. ते लॅपटॉपवरच फाइल आणि तिचं नाव दोन्ही कुलूपबंद करून मग वर पाठवतं. गुगल आणि मायक्रोसॉफ्टही त्यांच्या सर्व्हरवर डेटा एन्क्रिप्ट करतात, पण त्याची किल्ली त्यांच्याकडे असते. तुमचं खातं कुणी उघडलं तर फाइल्स त्याला सरळ दिसतात. क्रिप्टोमेटर वापरलं असेल तर दिसत नाहीत.

लॅपटॉप दुरुस्तीला दिला आणि आता ‘रिकव्हरी की’ मागतोय. मी तर कधी कुलूप लावलंच नव्हतं!

हा प्रश्न हल्ली फार येतो आणि यात माणसं हवालदिल होतात. नवीन विंडोज लॅपटॉपमध्ये, होम असलं तरी, मायक्रोसॉफ्टच्या खात्याने साइन-इन केलं की आतल्या डिस्कचं एन्क्रिप्शन बऱ्याचदा आपोआप चालू होतं. ते चांगलंच आहे, कारण चोरलेल्या लॅपटॉपची डिस्क काढून वाचता येत नाही. पण मदरबोर्ड बदलला की मशीन ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती नसेल तर डिस्क ठणठणीत असूनही आतलं काही वाचता येत नाही. कारागीर कितीही हुशार असो, तो तिथं काही करू शकत नाही.

ही की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. अडचण पुढे आहे: ते खातं कुठलं? लॅपटॉप घेताना दुकानातल्या पोराने घाईत एक नवीन ईमेल काढून, स्वतःच पासवर्ड टाकून मशीन चालू करून दिलेलं असतं. तो पोरगा आता तिथं नाही आणि ईमेल कुणालाच आठवत नाही.

म्हणून लॅपटॉप चालू असतानाच, आज, सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट्स’ उघडून कुठला ईमेल दिसतो ते बघा. तो ओळखीचा नसेल तर आपल्या खात्याने साइन-इन करून घ्या. एन्क्रिप्शन चालू आहे का, ते ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मध्ये दिसेल. मग ब्राउझरमधून मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाऊन डिव्हायसेसच्या यादीतली रिकव्हरी की कागदावर उतरवा किंवा छापा. या पानावरचं एकच काम करणार असाल तर हे करा.

पासवर्ड आणि रिकव्हरी की ठेवायची कुठं?

घरच्या बॅकअपमध्ये परक्याने कुलूप तोडल्यापेक्षा मालकाचीच किल्ली हरवल्याचे प्रकार जास्त दिसतात. मजबूत एन्क्रिप्शनला मागचा दरवाजा नसतो. व्हेराक्रिप्टचा पासवर्ड विसरला तर तो बनवणारेही तुम्हाला मदत करू शकत नाहीत.

पासवर्ड म्हणून एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द घ्या, आणि ते रोमन अक्षरांत लिहा. देवनागरीत ठेवलेला पासवर्ड चालू होतानाच्या काळ्या पडद्यावर किंवा दुसऱ्याच्या मशीनवर टाइपच करता येत नाही. गावाचं, पोरांचं नाव आणि जन्मसाल नको.

मग तो कागदावर लिहा. कागदावर लिहू नये असं सांगणारे सल्ले ऑफिसातल्या टेबलासाठी ठीक आहेत. घरात कागद कपाटात, दागिने आणि खरेदीखताच्या पाकिटात राहतो. पुरात ते पाकीट तसंही सगळ्यात आधी बाहेर काढलं जातं. दुसरा कागद तिसऱ्या घरी ठेवा, म्हणजे बाहेरची डिस्क ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे नको. डिस्क आत्याकडे तर कागद थोरल्या भावाकडे. डिस्कवर चिकटवलेली चिठ्ठी म्हणजे कुलपातच किल्ली ठेवल्यासारखं झालं.

आणि हे घरातल्या आणखी एका मोठ्या माणसाला माहीत हवं. विम्याचे, बँकेचे कागद वडिलांच्याच लॅपटॉपवर असतात, आणि ते गेल्यावर आईला आणि पोरांना कशाचाच पत्ता लागत नाही. गुगलमध्ये यासाठी ‘इनअॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ आहे. ठरावीक काळ खातं वापरलं गेलं नाही तर तुम्ही नेमलेल्या माणसाला डेटा घेता येतो. अॅपलमध्ये ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ आहे. आज रात्री जेवणं झाल्यावर दोघं बसून ते भरून टाका.

लॅपटॉपबरोबर मोबाइलही गेला तर क्लाउड उघडणार कसं?

ओटीपी त्याच मोबाइलवर येत असेल तर उघडणार नाही. गुगल खात्याच्या सुरक्षा विभागात ‘बॅकअप कोड्स’ मिळतात, एकावेळी दहा, आणि प्रत्येक कोड एकदाच चालतो. ते छापून पासवर्डच्याच पाकिटात ठेवा.

कुठली डिस्क घ्यावी? पेनड्राइव्ह चालेल का?

पेनड्राइव्ह फाइल इकडून तिकडे न्यायला ठीक आहे, वर्षानुवर्षं ठेवायला नाही. साधी फिरती हार्ड डिस्क, म्हणजे जिच्या आत तबकडी फिरते ती, स्वस्त पडते आणि कपाटात ठेवायला चांगली, पण चालू असताना पडली की संपली. एसएसडी, म्हणजे आत काहीच न फिरणारी डिस्क, धक्का सोसते आणि वेगवान असते. मात्र ती वीज न लावता खूप काळ पडून राहिली तर साठवलेलं पुसट होऊ शकतं, म्हणून कपाटातल्या प्रतीसाठी मी ती घेणार नाही. लॅपटॉपच्या दुप्पट क्षमतेची डिस्क घ्या, आणि दोन डिस्क दोन वेगळ्या कंपन्यांच्या घ्या.

डिस्क लॅपटॉपला कायम लावून ठेवली तर?

नका ठेवू. रॅन्समवेअर (फाइल्स कुलूपबंद करून पैसे मागणारं सॉफ्टवेअर) लॅपटॉपमध्ये शिरलं की जोडलेली प्रत्येक डिस्क तेही कुलूपबंद करतं. मे २०१७ मधल्या वॉनाक्राय या रॅन्समवेअरच्या वेळी जगभर हेच झालं. तुम्ही डिस्क एन्क्रिप्ट केली असली तरी ती त्यावेळी उघडी असेल तर उपयोग नाही. शिवाय एप्रिल-मेमधल्या वळवाच्या पावसात विजेचा लोळ चार्जरमधून आला, तर लॅपटॉप आणि डिस्क एकत्रच जळतात. बॅकअप झाला की डिस्क काढा आणि कपाटात ठेवा.

किती दिवसांनी घ्यायचा?

पुन्हा करायला जितकं काम तुम्हाला परवडेल तितक्या दिवसांनी. प्रबंध लिहिणाऱ्याला रोज हवा, बाकी घराला आठवड्यातून एकदा पुरे. बाहेरच्या डिस्कची अदलाबदल महिन्याच्या पहिल्या रविवारी करा, आणि मृग निघायच्या आत तर चुकवू नका. जुलैत नदी ३९ फुटांच्या इशारा पातळीवर आली की कुणाच्या डोक्यात बॅकअप राहत नाही.

डीटीपीचं काम करतो. बॅकअपमधून फाइल आली, पण मराठीच्या जागी चिन्हं दिसतात.

फाइल शाबूत आहे, फॉन्ट नाही. श्री-लिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये केलेलं काम तोच फॉन्ट नसेल तर वाचता येत नाही. लग्नपत्रिका, कार्यअहवाल, जुन्या पेजमेकरच्या फाइल्स, सगळ्यांचं हेच. युनिकोडला ही अडचण नाही. त्यामुळे कामाच्या फोल्डरबरोबर वापरलेले फॉन्ट, त्यांच्या परवान्याचा तपशील आणि सॉफ्टवेअरची सेटअप फाइलही बॅकअपमध्ये घ्या. प्रत्येक पूर्ण झालेल्या कामाची फॉन्टसह पीडीएफ काढा. मूळ फाइल कधी उघडलीच नाही तरी मजकूर हाती राहील.

टॅली वापरत असाल तर टॅली बंद करून, किंवा तिच्यातल्याच बॅकअप पर्यायाने प्रत घ्या. चालू असताना फोल्डर कॉपी केला तर प्रत अर्धवट निघू शकते.

बॅकअप नीट झालाय हे कसं कळणार?

दुसऱ्याच लॅपटॉपवर परत मिळवून. डिस्क तिथं लावा, कागदावरचा पासवर्ड बघून टाइप करा आणि एक फोटो, एक मराठी डॉक्युमेंट आणि एक मोठा व्हिडिओ उघडा. व्हिडिओ मधूनच पुढे सरकवून बघा. कागदावर शून्य आहे की ओ, एक आहे की एल, ही गफलत याच वेळी उघडी पडते. ‘बॅकअप पूर्ण झाला’ या संदेशावर भिस्त ठेवू नका. जानेवारी २०१७ मध्ये गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीतही बॅकअपच्या अनेक पद्धती होत्या, आणि डेटा उडाल्यावर त्यातल्या बहुतेक चालतच नव्हत्या असं लक्षात आलं. तिथं तज्ज्ञ माणसं होती.

सहा महिन्यांतून एकदा ही तपासणी करा. मुलांना बरोबर घ्या, म्हणजे तुमच्याशिवायही ती घरात कुणाला तरी करता येईल.

लॅपटॉप पाण्यात भिजलाय आणि बॅकअप नाही.

चालू करू नका. चार्जर लावू नका. ‘एकदा बघूया’ म्हणून दाबलेल्या बटणाने शॉर्ट होऊन शिल्लक होतं तेही जातं. तांदळात ठेवून पुराच्या पाण्यातला गाळ निघत नाही. फिरती हार्ड डिस्क भिजली असेल तर ती घरी उघडून, उन्हात वाळवून लावू नका. गाळ आत वाळला की साफ करणं आणखी अवघड होतं. डेटा काढून देणाऱ्या जाणत्या माणसाकडे तशीच न्या. आणि देतानाच सांगा की डिस्कला एन्क्रिप्शन आहे का, आणि असेल तर रिकव्हरी की तुमच्याकडे आहे की नाही.

जुनी डिस्क भंगारात देऊ का?

नुसतं क्विक फॉरमॅट करून नाही. त्याने फक्त यादी पुसली जाते, फाइल्स तिथंच असतात आणि सहज बाहेर निघतात. डिस्क पहिल्या दिवसापासून एन्क्रिप्ट केलेली असेल तर फॉरमॅट करून द्यायला हरकत नाही. नसेल आणि चालत असेल तर विंडोजमध्ये क्विकची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा. फिरत्या डिस्कवर त्याने सगळीकडे शून्य लिहिली जातात, त्याला काही तास लागतात. चालतच नसेल तर डिस्क उघडून आतली तबकडी फोडा किंवा तिला ड्रिलने भोकं पाडा. काम करताना डोळ्यांवर चष्मा हवा, कारण काही तबकड्या काचेच्या असतात.